शटरखालची वीतभर फट

१५ नोव्हेंबर १९३७, जालना

आज सकाळी मनमाडच्या गाडीनं जालन्याला उतरलो. कपड्यांवर कोळशाची भुकटी, डोळ्यांत झोप, पण स्वारी एकदम खुशीत. हमालानं माझी हत्यारांची पेटी उचलून पाहिली आणि आत दगड भरलेत का म्हणून विचारलं. मी म्हटलं, पान्हे आहेत बाबा, माझं पोट त्यांच्यावरच चालतं, जरा जपून ने. स्टेशनाबाहेर चहा घेतला. इथल्या चहात चहा कमी आणि साखर जास्त असते. मला असाच आवडतो, त्यामुळे गावाशी पहिल्या घोटालाच जमलं.

अमरचंदशेठांनी टांगा पाठवला होता. माणूस माझ्याच वयाचा, कापसाचा व्यापारी, दोन मोटारलॉऱ्यांचा मालक आणि नव्या वस्तूंचा भलता शौकीन. लॉऱ्या ठेवायची शेड गावाबाहेर अंबडच्या रस्त्याला, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या पलीकडे आहे. तिचे लाकडी दरवाजे लॉऱ्यांच्या धडका खाऊन खिळखिळे झालेत. ते काढून मुंबईहून मागवलेलं गुंडाळायचं लोखंडी शटर बसवायचं, आणि पुढे शटराची नि लॉऱ्यांची देखभाल करायची, अशी माझी नोकरी. नगरला कारखान्यात मी अशी पुष्कळ शटरं बसवली आहेत. शेठांना ते मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनीच मला सांगितलं.

नोकरीबरोबर खोली मिळाली. शेडच्या आतच, मागच्या भिंतीला लागून. तिला बाहेरून वेगळं दार नाही, शेडच्या दारातूनच ये-जा. खिडकी म्हणजे पत्र्याखाली गज लावलेला झरोका. पण भिंती कोरड्या आहेत आणि फरशी आहे. द्वारकेला आवडेल.

द्वारका माहेरी, अंबडला. दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. मी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. इथून अंबड जवळ, आज निघालो असतो तर दिवेलागणीला पोचलो असतो. पण सासरे बारशाच्या वेळी चारचौघांत म्हणाले की जावयाला हत्यारं ठेवायला पेटी आहे, बायको ठेवायला घर नाही. ते माझ्या कानावर आलं आणि फार लागलं. म्हणून ठरवलंय, त्यांच्या ओसरीवर पाहुण्यासारखं बसून मुलीला बघायचं नाही. माझ्या खोलीत, माझ्या मांडीवर बघायचं.

१८ नोव्हेंबर

मापं घेतली. दाराच्या मानानं शटर बराबर आहे. भिंतीत गाळे, म्हणजे शटर ज्यांतून खालीवर सरकतं त्या लोखंडी पन्हळी, बसवायला थोडी फोडाफोड करावी लागेल.

इथल्या जुन्या दाराची एक गंमत आहे. उंबरा म्हणजे दाराला कायमचा असतो, पण हा रोज बसवायचा आणि रोज उचलायचा. सागवानाची जाड तुळई आहे. सकाळी लॉऱ्या निघण्याआधी राखणदार पुंजाराम ती दगडी खाचेतून उचलून बाजूला ठेवतो. संध्याकाळी शेवटची लॉरी आत आली, दरवाजे लागले की बाहेरून पुन्हा खाचेत बसवतो. तुळईच्या मधोमध ओंजळीएवढा खळगा कोरलेला आहे. त्यात तो तांब्याभर पाणी ओततो, हळदीकुंकू वाहतो आणि मागं न बघता आपल्या झोपडीकडे चालू लागतो. सकाळी खळगा कोरडा असतो. मी त्याला म्हटलं, बाबा, कुत्र्यांची सोय चांगली आहे. तो हसला नाही. शेठांच्या मातोश्रींचा, इचरजबाईंचा हुकूम आहे, एवढंच बोलला.

बाई लग्नासाठी मारवाडात गेल्या आहेत.

२३ नोव्हेंबर

जुने दरवाजे उतरवले. शेठांना विचारलं, उंबऱ्याचं काय करू? शटराचा खालचा पट्टा थेट जमिनीला टेकला पाहिजे, मध्ये तुळई चालणार नाही. ते म्हणाले, आईचं जुनं काहीतरी आहे, ती येईपर्यंत उरकून टाका, मग मी समजूत घालतो. खाच सिमेंटनं बुजवली आणि तुळई माझ्या खोलीत आणून ठेवली. लाकूड फार सुंदर आहे. रंधा मारला तर आरशासारखं होईल.

२६ नोव्हेंबर

शटर लागलं! शेठ आले, मुनीम आले, जिनिंगवरची माणसं जमली. मी स्प्रिंगला असा ताण दिलाय की एवढं धूड एका बोटानं वर जातं. शेठांनी बोटानं उचलून पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. पेढे वाटले. आज मला माझाच फार अभिमान वाटला, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

रात्रीचं जेवण लवकर उरकून द्वारकेला पत्र लिहिलं. लिहिलं की तुझ्या नवऱ्यानं असं दार केलंय की तुला कुणाला हाक मारायची गरज नाही. कडेवर लेकरू असलं तरी एका बोटानं उचल आणि आत ये.

संध्याकाळी पुंजारामशी थोडी बाचाबाची झाली. तो तांब्या घेऊन आला आणि शटराच्या पायाशी पाणी ओतलं. मी संतापलो. खालच्या पट्ट्याला रोज पाणी लागलं तर पावसाळ्याच्या आत गंज चढेल. गाळ्यात वंगण आहे, तिथं धूळ नि पाणी मिसळलं की चिखल होऊन शटर अडकणार. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मालक, येवढं पाणी टाकू द्या. कितीक वर्सं माह्या हातानं टाकून राह्यलो." मी तांब्या काढून घेतला.

३० नोव्हेंबर

तुळईचा पाळणा केला. अमरचंदशेठांना विचारूनच केला, ते म्हणाले, घ्या की. चारी बाजू, दांडे, सगळं त्यातूनच निघालं. खळगा असलेला तुकडा उशाकडे बसवला. तिथं ती खुळखुळा ठेवील. पाळणा खोलीत टांगलाय आणि येता-जाता मी त्याला उगीच झोका देतो.

आज रखमाजी ड्रायव्हरला झापलं. लॉरीच्या रेडिएटरमध्ये थेंबभर पाणी नव्हतं. इंजिन तापून बसलं असतं म्हणजे? तो शपथा घेतो. "काल गळ्यापोतर भरून आल्तो मिस्त्री. बिलकुल कोरडं कसं झालं?" नळी तपासली. गळती कुठंच नाही. दुसरी लॉरीही कोरडी. जमीनही कोरडी.

३ डिसेंबर

शटर पुरतं खाली येत नाही.

जमिनीपासून वीतभर वर येऊन थांबतं. मला वाटलं, गाळ्यात कापूस अडकला. इथं हवेत कापूसच उडत असतो. गाळे झाडले, घासले, नवं वंगण भरलं. स्प्रिंग सैल केली. तरी तेच. दुपारी मात्र विनातक्रार जमिनीला टेकतं. दिवेलागणीला ओढलं की वीतभर फट राहते. खाली काहीतरी ठेवल्यासारखं. वाकून पाहिलं. काही नाही.

फट राहिली की कडीचा दांडा भिंतीतल्या भोकात बसत नाही, म्हणजे कुलूप लागत नाही. शेठांना अजून सांगितलेलं नाही. पेढे खाऊन झाल्यावर हे कोणत्या तोंडानं सांगू?

आणखी एक. माझा माठ सकाळी रिकामा असतो. तडा नाही. खालची फरशी ओली नाही.

६ डिसेंबर

सकाळी शटराच्या खालच्या पट्ट्यांवर पोचे दिसले. पत्र्याला पोचा पडला की मार कुठल्या बाजूनं बसला ते लगेच कळतं, त्यात चूक होत नाही. हे पोचे आत आलेले आहेत. म्हणजे बाहेरून मारलेत. दगडाचे किंवा काठीचे नाहीत. पसरट आहेत. मी हात लावून पाहिला. तळहात बरोबर बसला.

गावातली टारगट पोरं असतील, असं मी मोठ्यानं म्हटलं. पुंजाराम तिथंच उभा होता. त्यानं पोचे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. कुणाचे हात आहेत हे विचारलं तर नुसतं "मला न्हाई सांगता येनार" म्हणाला. मग पागोटं सारखं करून सरळ वाटूरला, आपल्या गावी निघून गेला. पगार घ्यायलाही थांबला नाही. मला राग आला, आणि राग ओसरल्यावर भीती वाटली. ती इथं लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

हातोडीनं पोचे सपाट केले.

९ डिसेंबर

पुन्हा पोचे. जास्त. खालून वर चढत गेलेले, कुणी बसून मारता मारता उठून उभं राहावं तसे.

पाणी आता दोन घागरी भरतो. दोन्ही कोरड्या. रखमाजी संध्याकाळी लॉरी शेडमध्ये लावून धावतच बाहेर पडतो. म्हणतो, आत कुणीतरी घोगऱ्या आवाजात बोलतं. मी त्याची चेष्टा केली. पण काल दिवा लावताना मीही ऐकलं. शटराच्या फटीतून, जमिनीलगत. एकच शब्द, पुन्हा पुन्हा.

पाणी.

द्वारकेचं उत्तर आलंय. १४ तारखेला येते. सासऱ्यांना म्हणाली म्हणे, माझ्या घराला असं दार आहे की तुम्ही जन्मात पाहिलं नसेल. वाचून हसू आलं आणि मग शटराच्या फटीकडे लक्ष गेलं. आता माघार कशी घेऊ?

१२ डिसेंबर

इचरजबाई आल्या. स्टेशनावरून घरी न जाता थेट शेडवर. उतारवय, हातात काठी, मागं ओढणी धरलेली मोलकरीण. तिला त्यांनी बाहेर थांबवलं. जिथं खाच होती तिथल्या सिमेंटकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या नाहीत. माझ्या स्टुलावर टेकल्या आणि सांगू लागल्या.

लॉऱ्या नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. तेव्हा शेठांचं कुटुंब इथं मागच्या बाजूलाच राहायचं. त्या साली पटकी आली होती. बद्रीनाथ नावाचा ड्रायव्हर शहागडहून लॉरी घेऊन आला तो वांत्या करतच. दारासमोर उतरला आणि खाली पडला. घरात पंधरा दिवसांचा नातू होता. बाईंनी दार लावायला सांगितलं. पुंजारामच्या हातानं अडसर पडला. बद्रीनाथ दुपारपासून दारावर तळहात मारत होता. आत येऊ द्या असं तो म्हणतच नव्हता. नुसतं पाणी मागत होता. दार उघडलं तर रोग आत येईल म्हणून कुणी तांब्याभर पाणीही बाहेर सरकवलं नाही. दिवे लागायच्या वेळी आवाज थांबला.

मी विचारलं, नातू वाचला ना? बाईंनी मान हलवली. त्याच आठवड्यात गेला. त्याच्या अंगात पाणीच राहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी तुळई करून घेतली. मी म्हटलं, तो आत येऊ नये म्हणून ना? बाई म्हणाल्या, "न्हाई मिस्त्रीजी. त्याला पाणी कुठं मिळतं ते कळावं म्हणून. तुम्ही पाणी बी तोडलं आन जागा बी तोडली. मंग तो शोधत फिरनारच."

पाळणा त्यांना दाखवला. त्यांनी उशाच्या खळग्यात बोट फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

जाताना बजावून गेल्या. लाकूड जागेवर घाला, पाणी ठेवा आणि वाट बघा. सकाळी खळगा कोरडा दिसला तर तो बाहेर आहे. रोज कोरडा दिसू लागला की मगच लेकराला आणा. जल्दी करू नका.

१३ डिसेंबर

पाळणा मोडला. खिळे उपटताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू? सिमेंट फोडून खाच मोकळी केली. तुकडे पट्ट्यांनी जोडले आणि तुळई बसवली. दिवेलागणीला खळगा काठोकाठ भरला. हळदीकुंकू वाहिलं. हात जोडून बद्रीनाथाची माफी मागितली. मग शटर उचलून आत आलो आणि खाली ओढलं. ते तुळईवर नीट टेकलं नाही. लाकूड नवीन बसवलंय, म्हणून असेल.

उद्या द्वारका येणार. बाई थांबा म्हणाल्या, पण थांबायचं म्हणजे अंबडला निरोप पाठवायचा, आणि सासरे काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. खोली आहे, पण दार लागत नाही! नको. पाणी ठेवलंय, माफी मागितली आहे. आणखी काय हवं?

१४ डिसेंबर, सकाळ

रखमाजी अंधार असतानाच द्वारकेला आणायला लॉरी घेऊन अंबडला गेला. दुसरी लॉरी कालच शहागडला गेली आहे. लॉरी काल संध्याकाळी बाहेरच ठेवली होती, म्हणून तुळई हलवावी लागली नाही; शटर उचलून त्याला निरोप द्यायला बाहेर गेलो आणि आत येऊन शटर ओढलं. त्याला सांगितलं, सावकाश चालव, लेकरू आहे. 

आत्ता उजाडलं. फटीतून तुळई दिसते.

खळगा भरलेला आहे. कुंकवाचा एक कणही हललेला नाही.

माझ्या घागरी कोरड्या.

शटराकडे पाहिलं. सगळे पोचे काल सपाट केले होते. आज नवे आहेत. ते बाहेर गेलेले आहेत. आतून मारलेत. सगळे आतून—

दुपार

शटर उठत नाही. स्प्रिंग ठीक आहे. गाळे ठीक आहेत. एका बोटानं उठणारं शटर मला दोन्ही हातांनी हलत नाही. मी बाहेर जावं असं त्याला वाटत नाही.

फटीतून हात घालून खळग्यातलं पाणी घ्यायला गेलो. बोटं पोचली. ओली झाली. ओठांपर्यंत आणली तर कोरडी.

पोटात कळा. दोनदा ओकलो. पायांत गोळे येतात. ही पटकी की तो? दोन्ही एकच असेल.

ओरडलो. आवाज घोगरा. जिनिंगचा भोंगा झाला, माणसं घरी जेवायला गेली असतील. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. मी तळहात मारले. गाडीवान जोरात हाकून गेला. त्यालाही ठाऊक असेल.

खोलीत कुणीतरी बसलंय. मी तिकडे बघत नाही. पाळणा टांगला होता त्या आकड्याखाली. वाट बघत बसलेला माणूस बसतो तसा—

दिवस कलताना

जीभ टाळूला चिकटली. आवाज गेला. पूर्ण.

आता कळतंय. मला तो उघडू देत नाही. तिला देईल, लेकरासकट.

ती आली तर उघडायचं नाही. माझ्या जिवासाठी नव्हे. इचरजबाईंनी दार लावलं ते नातवासाठी. मी लावतो ते लेकीसाठी. फरक काय— मला माहीत नाही. पण कडी लागत नाही. दांडा बसत नाही. मी खालच्या पट्ट्यावर पाय रोवून पडलोय. अंगाचं वजन टाकून. वजन तरी किती उरलंय.

पाणी

हे मी नाही लिहिलं.

लॉरीचा भोंगा. रखमाजी लांबच थांबला, तो जवळ येणार नाही. पैंजण. तिचे. चालत येतेय.

लेकरू रडतंय. पहिल्यांदा ऐकतोय. केवढा आवाज आहे तिचा. भूक लागली असेल. द्वारका तिला म्हणते, थांब गं सोन्या, बाबा आतच आहेत, दूध देते हं घरात गेल्यावर—

तो उठला.

पत्र्यावर तळहात मारतोय मी. द्वारका हसते. म्हणते, अहो, उघडू नका, मीच उघडते, तुम्ही लिहिलं होतं ना—

नको. हात लावू नकोस. द्वारका, एका बोटानं उचललं तरी वर